बावला खून प्रकरण: जी चौकशी झालीच नाही

फेब्रुवारी १९२६ मध्ये इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर गादीवरून उतरले. मुलासाठी आपण गादी सोडतो, मात्र मुंबईत मलबार हिलवर झालेल्या बावला खुनाच्या घटनेशी आपला जो संबंध जोडला जातो त्याची यापुढे चौकशी होणार नाही असं आपण धरून चाललो आहोत, असं त्यांनी लिहून दिलं. ब्रिटिश सरकारला ते चाललं. खुनाच्या खटल्याचा निकाल त्याआधी नऊ महिने लागून गेला होता. म्हणजे मोटार अडवून गोळ्या कुणी झाडल्या हे कोर्टाने ठरवलं, आणि त्या माणसांना कुणी धाडलं हे विचारायचं नाही, हे दरबार आणि सरकार यांनी मिळून ठरवलं.

आमच्या इंदुरात हे प्रकरण दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. एका घरात ऐकलं तर महाराजांना इंग्रजांनी गोवलं, नोकरांनी आगाऊपणा केला आणि निस्तरावं मालकाला लागलं. दुसऱ्या घरात ऐकलं तर सगळं वरूनच ठरलं होतं, खालची माणसं फक्त फासावर गेली. दोन्हीकडचे लोक इतक्या खात्रीने बोलतात की जणू त्यांचे आजोबा मागच्या सीटवर बसले होते. मला या दोन्ही गोष्टींपेक्षा कागदात काय आहे आणि काय नाही, यात जास्त रस आहे. विशेषतः एका आळात, ज्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही: चोरीच्या.

आधी घटना. १२ जानेवारी १९२५, संध्याकाळ. अब्दुल कादर बावला हा मुंबईतला पंचविशीचा श्रीमंत कापड व्यापारी मोटारीतून मलबार हिलवर चालला होता. सोबत होळकर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम आणि आणखी तिघं. लाल रंगाच्या मॅक्सवेल मोटारीने त्यांना गाठलं. त्यातून उतरलेल्या माणसांनी शिव्या घालत ‘बाईला खाली उतरवा’ असा धोशा लावला. हे मुमताजनेच पुढे हायकोर्टात सांगितलं. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही तासांत तो मेला. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार झाले. तिला ओढून नेणं काही मिनिटांवर आलेलं असताना तिथे एक दुसरीच मोटार येऊन थडकली. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकले होते. त्यांतल्या लेफ्टनंट सेगर्टने हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपलं, स्वतः गोळी खाल्ली, आणि पकडापकडी जागीच झाली.

ते अधिकारी रस्ता चुकले नसते तर बावलाचं प्रेत सापडलं असतं आणि मुमताज सापडली नसती. पोलिसांच्या हाती उरली असती रंगाने लाल असलेली एक मोटार आणि तीन घाबरलेल्या साक्षीदारांच्या जबान्या. इंदूरचं नाव निघालंही असतं, पण कुजबुजीत. आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते तरी लिहितो: मेलेला माणूस हिंदी आणि जखमी झालेला माणूस गोरा लष्करी अधिकारी, हे जुळून आलं नसतं तर सरकारने एवढा नेट लावला असता का, याची मला शंका आहे. मुंबईचे पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांनी तपास सोडला नाही हे खरं. पण त्यांच्या पाठीशी सेगर्टची जखमही उभी होती.

खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल जमशेटजी कांगा. आरोपी नऊ. त्यांतली नावं वाचताना इंदूरच्या मराठी माणसाला थोडं अवघडायला होतं: सरदार आनंदराव फणसे, श्यामराव दिघे, पुष्पशील पोंडे. फणसे म्हणजे होळकरांच्या फौजेचे अॅडज्युटंट जनरल. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. शफी अहमद हा होळकरांच्या घोडेस्वार पोलिसांतला रिसालदार. मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, दिघे आणि पोंडे यांना फाशी सुनावली गेली. फणसे फाशीतून वाचले, त्यांना जन्मठेप झाली.

निकाल देताना क्रम्प यांनी एक गोष्ट लपवली नाही. या माणसांच्या मागे दुसरी माणसं आहेत, ती नेमकी कोण ते आपल्याला दाखवता येत नाही, असं ते म्हणाले. पण दहा वर्षं इंदूरच्या महाराजांजवळ राहिलेल्या बाईला पळवून नेण्याचा प्रयत्न होतो तेव्हा त्याचा उगम इंदुरात शोधणं मुळीच गैर नाही, असंही त्यांनी पुढे म्हटलं. न्यायाधीशाने आपल्या कक्षेची कुंपणं इतक्या नीट दाखवून दिलेली फार निकालांत आढळत नाहीत. कोर्टापुढे नऊ जण होते. दहावा कोर्टापुढे नव्हता, त्यामुळे दहाव्याबद्दल निकाल नाही. इंदुरातल्या वादात हे दोन्ही बाजू विसरतात. ‘कोर्टाने महाराजांना दोषी धरलं’ हे खोटं, आणि ‘कोर्टाने महाराजांना सोडलं’ हेही खोटं.

आता मुमताज. लहानपणापासून ती होळकर दरबारात नाचायला होती. महाराजांबरोबर विलायतेलाही जाऊन आली होती. इंदुरात तिला मुलगी झाली आणि ती मुलगी दगावली. नर्सांनी मुलीला मारलं, म्हणून आपल्याला इंदुरात राहायचं नव्हतं, असं तिने कोर्टात सांगितलं. मसुरीला जायच्या प्रवासात ती दिल्लीला उतरली आणि पुढे गेलीच नाही. मग आईच्या माहेरी अमृतसर, आणि शेवटी मुंबई. दरबाराची माणसं मागावर होतीच. या सगळ्या काळात तिच्याविषयी एक गोष्ट पसरलेली होती, आणि ती आजही इंदुरात ऐकू येते: बाई दरबाराचं जडजवाहीर घेऊन पळाली.

घटकाभर हे खरं धरू. मग काय करता आलं असतं?

होळकरांचं राज्य ब्रिटिश हद्दीबाहेरचं. इंदूरचा शिपाई मुंबईत जाऊन कुणाला पकडू शकत नव्हता, तसाच मुंबईचा पोलीस राजवाड्यात शिरू शकत नव्हता. पण यावर वाट होती. १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार संस्थानात गुन्हा करून ब्रिटिश हद्दीत गेलेल्या माणसासाठी पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानासाठी नेमलेला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी, वॉरंट काढू शकत असे. कुठल्या गुन्ह्यांसाठी, याची यादी कायद्याला जोडलेली होती. चोरी त्या यादीत होती, अमानतीतला, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा, अपहारही होता. जनानखाना सोडून जाणं हा त्या यादीतला गुन्हा नव्हता, कुठल्याच यादीतला नव्हता. म्हणजे महाराजांना सोडून गेलेल्या बाईला कायद्याने परत आणायचं तर चोरीचा आळ ही एकच धड वाट होती. आळ खरा असो की रचलेला, त्याचा उपयोग हा असा होता.

आणि ही वाट लांबची नव्हती. मध्य भारताचा एजंट टू द गव्हर्नर जनरल, म्हणजे ब्रिटिश सरकारचा तिथला वरिष्ठ प्रतिनिधी, इंदुरातच बसायचा. राजवाड्याकडून निघून खान नदी ओलांडली की रेसिडेन्सीचा, म्हणजे त्याच्या कचेरीचा, इलाका. फिर्यादीचा कागद तिथे पोचवायला घोड्यालाही घाम आला नसता. असं असताना माणसं मुंबईपर्यंत गेली, मोटार, पिस्तुलं आणि सुरे घेऊन. चोरीची फिर्याद खरी आणि भक्कम असती तर या उठाठेवीचं कारण काय? नसली, तर चोरीची गोष्ट कशासाठी फिरवली गेली? मला हा या प्रकरणातला सर्वांत कोरडा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याला ना महाराजांची मर्जी लागते, ना मुमताजचं सौंदर्य.

थोडं आत शिरू, कारण चोरीचा गुन्हा दिसतो तितका सरळ नाही. तेव्हा लागू असलेल्या (आणि २०२४ मध्ये रद्द झालेल्या) भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ नुसार चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवावी लागे. अंगावर घातलेला हार कुणाच्या ताब्यात असतो? साधं उत्तर, घालणारीच्या. पण कलम २७ म्हणत असे की माणसाची वस्तू त्याच्या वतीने त्याच्या बायकोकडे, कारकुनाकडे किंवा नोकराकडे असेल तर ती त्या माणसाच्याच ताब्यात आहे असं समजायचं. पत्नी, कारकून, नोकर. मुमताज यांपैकी कोण? पत्नी नाही. कारकून नाही. नोकर? दरबारात नाचणाऱ्यांना तनखा असे, तेव्हा एका अर्थी हो. ती नोकर असेल तर मालकाची वस्तू नेल्याचं कलम ३८१ तिला लागतं. पण तसं मांडायचं तर दहा वर्षांचं नातं हे नोकरीचं नातं होतं असं होळकर दरबाराला कागदावर लिहून द्यावं लागलं असतं. आणि ती नोकर नसेल, तर चोरी उभी राहत नाही, फार तर अमानतीचा अपहार.

तोही तेव्हाच, जेव्हा दागिना अमानत असेल. संस्थानी दरबारात ही बाब जामदारखान्याची. जडजवाहीर, किमती वस्त्रं, नजराणे यांची आवकजावक तिथल्या वहीत चढायची. वस्तू वापरायला दिली तर तशी नोंद, बक्षीस दिली तर तशी. बक्षीस म्हणून खर्ची पडलेला हार नेणारीने चोरला असं होत नाही, मग तो लाखाचा का असेना. वापरायला दिलेला असेल तर परत मागण्याचा कागद असायला हवा. आजही एखाद्या कंपनीतून माणूस तडकाफडकी गेला की आधी त्याच्या नावावर काय काय चढवलेलं आहे ते बघतात, पोलिसांत नंतर जातात. दरबाराचा रिवाज याहून कमी काटेकोर नव्हता, उलट जास्तच.

खटल्यात चोरीला फारशी जागा मिळण्याचं कारण नव्हतं. कोर्टापुढचा विषय खून आणि पळवून नेण्याचा कट. मुमताजने चोरी केली असती तरी बावलावर गोळी झाडणं माफ होत नव्हतं, आणि केली नसती तरी आरोपींचा गुन्हा वाढत नव्हता. हा प्रश्न विचारायची जागा पुढे कधी न बसलेल्या चौकशी आयोगात होती.

तिकडे जाण्याआधी दुसरा प्रश्न, कारण महाराजांची बाजू घेणारे तिथेच टेकू लावतात. बाईला आणायचं ठरलं होतं, मारायचं कुणाला ठरलं नव्हतं, असं ते म्हणतात. मराठी माणसाला हे ऐकताना शनिवारवाडा आठवतो. ‘ध’ चा ‘मा’ कुणी केला हे आपण १७७३ पासून एकमेकांना विचारतो आहोत आणि वरचा हुकूम सौम्यच होता अशी सोय त्यातून दर वेळी होते. कायद्याने मात्र ही सोय ठेवलेली नाही. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम १११ असं होतं की एका कृत्याला चिथावणी दिली आणि घडलं दुसरंच, तरी ते दुसरं कृत्य पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल तर चिथावणारा जबाबदार. भर वस्तीत मोटार अडवून बाई ओढून काढायला पिस्तुलं घेतलेली माणसं धाडली, तर कुणी मरेल हे संभाव्य नाही असं कोण म्हणेल? म्हणून ‘मारायला सांगितलं नव्हतं’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. प्रश्न एवढाच उरतो की ‘आणा’ तरी कुणी सांगितलं.

इथे नोकरांच्या आगाऊपणाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. दरबारात हुकूम नेहमी उच्चारला जात नाही. महाराज उदास आहेत, बाईची आठवण काढतात, एवढं खालपर्यंत पोचलं की बढतीची आस असलेला कुणीही पुढचं स्वतः ठरवू शकतो. फौजेचा एवढा मोठा अधिकारी आणि पोलिसांतला रिसालदार मर्जी राखायला एवढ्या टोकाला जातील? जातील. पण मग तेवढ्या दिवसांची रजा त्यांना कुणी दिली, खर्च कुठून निघाला, मोटारीचे पैसे कुणाच्या नावे पडले, हे सगळं खासगीत झालेलं दिसायला हवं. हुजूर खजिन्याच्या कीर्दीत त्याची सावलीही नसायला हवी. आगाऊपणाची बाजू खरी असेल तर तिला सर्वांत मोठा आधार त्या वह्यांनीच दिला असता. म्हणजे चौकशी महाराजांच्या फायद्याचीही ठरू शकली असती.

मग त्यांनी ती का टाळली? ‘खाई त्याला खवखवे’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही, कारण बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांना सरबतातून विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. सरकारने आयोग नेमला. सहा सभासद: तीन इंग्रज आणि तीन हिंदी, त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी म्हटलं, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तीन विरुद्ध तीन. आणि मल्हाररावांची गादी तरीही गेली, कारभार वाईट म्हणून. त्यांच्या वंशाकडेही ती राहिली नाही, दुसऱ्या शाखेतला मुलगा दत्तक घेऊन बसवला गेला. ते सयाजीराव निघाले हे बडोद्याचं भाग्य, पण मल्हाररावांच्या दृष्टीने घर बुडालं ते बुडालं.

पन्नास वर्षांनी तुकोजीरावांपुढे हाच पर्याय आला. आयोग स्वीकारा, ज्यात हायकोर्टाचा न्यायाधीश आणि संस्थानिकही असतील, किंवा गादी सोडा. आयोगात सुटले तरी सरकार दुसरं कारण काढू शकत होतं, हे बडोद्याने शिकवलं होतं. गादी सोडली तर सतरा वर्षांचा यशवंतराव महाराज होणार हे नक्की होतं. तुकोजीरावांच्या स्वतःच्या वडिलांनी, शिवाजीरावांनी, १९०३ मध्ये मुलासाठीच गादी सोडलेली. निर्दोष माणसानेही हा सौदा केला असता आणि दोषी माणसानेही. म्हणून राजत्याग हा पुरावा कोणत्याच बाजूचा नाही. त्यातून पुरावा गोळा करायची वेळ निघून गेली, हे मात्र नक्की झालं.

सरकारलाही हा सौदा सोयीचा होता. उघड चौकशीत एका संस्थानाच्या खासगी कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली गेली असती, आणि बाकीचे संस्थानिक बिथरले असते. शिवाय रेसिडेन्सी इंदुरातच असताना तिला काय माहीत होतं आणि केव्हापासून, हा प्रश्न साहेबांनाही विचारावा लागला असता. मुमताजने दिल्लीला गाडी सोडली तेव्हापासून मलबार हिलपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात दरबाराची माणसं तिच्या मागे फिरत होती. एजंटाच्या कानावर काहीच आलं नाही, असं मानायला मी तयार नाही. पण हे माझं मत, कागद नव्हे.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, वर्तमानपत्रांना नवा विषय मिळाला. यशवंतरावांना पुरे अधिकार १९३० मध्ये मिळाले. तुकोजीराव १९७८ पर्यंत जगले, पॅरिसमध्ये वारले. राजत्यागानंतर बावन्न वर्षं. त्यातली तीसहून अधिक वर्षं देश स्वतंत्र होता आणि अट घालून घेणारं सरकार उरलंच नव्हतं.

कुणी आज हे प्रकरण पुन्हा हातात घेणार असेल तर ‘महाराजांना माहीत होतं का’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. त्या प्रश्नाला उत्तर देणारा कुणी उरलेला नाही. सुरुवात दागिन्यांपासून करावी. जामदारखान्याच्या १९२३-२४ च्या नोंदींत मुमताजच्या नावावर काही परत येणं बाकी दिसतं का, आणि दिसत असेल तर ती नोंद तेव्हाची आहे की ती निघून गेल्यावर घुसडलेली? येणं बाकी नसेल तर चोरीची गोष्ट कुणीतरी गरजेपोटी बनवली, आणि ती कुठल्या कचेरीतून निघाली ते शोधता येतं. येणं खरोखर बाकी असेल, तर कायद्याची वाट नदीपलीकडे उघडी असताना ती वापरायची नाही असं ज्याने ठरवलं, त्याची सही कुठल्या तरी शेऱ्याखाली असणार.